आरशात वाचलेली पाटी

नात परवा डाव्या हाताने पाटीवर स्वतःचं नाव उलटं लिहीत होती. सगळे कौतुकाने हसले. ओल्या पाटीचा तो वास मला मात्र दुष्काळाच्या सालातल्या, पारनेरजवळच्या आमच्या घरात घेऊन गेला.

दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अर्धांगवायू झाला होता. उजवं अंग गेलं, जीभही लुळी पडली. ते मूळचे डावरे; लहानपणी मास्तरांनी छड्या मारून त्यांना उजव्या हाताने लिहायला लावलं होतं. आठवडाभर माणसं त्यांच्या उशाशी बसून त्यांच्याच मरणाचं बोलत होती. एका दुपारी दादांनी खुणेने माझी पाटी मागितली आणि डाव्या हाताने सावकाश काहीतरी लिहिलं. एकही अक्षर लागेना.

"वहिनी, डोकंबी गेलं आता," धाकटे चुलते आईला म्हणाले. "पावन्यारावळ्यांना बोलवून घ्या."

मी पाटी छातीशी धरून उठले, तर समोरच्या भिंतीवरच्या आरशात अक्षरं सरळ दिसली. मी मोठ्याने वाचलं, "मला समदं ऐकू येतं."

चुलते मान खाली घालून बाहेर गेले. आईने पदराने पाटी पुसून दादांपुढे धरली. "लिवा. काय पायजे ते लिवा. ही वाचून दावील."

दादांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि पेन्सिल खाली ठेवली.

त्यानंतर ते महिनाभर जगले, पण त्यांनी पुन्हा काही लिहिलं नाही. हात थकला असेल, असं तेव्हा वाटलं. आता वाटतं, एवढं ऐकल्यावर आमच्याकडे मागावं असं त्यांना काही उरलंच नसेल.