एका मोटारीवर सहा माणसं

आमच्या वर्कशॉपमध्ये रोज दोन गोष्टी साठतात: लाकडाचा भुसा आणि किस्से. भुसा निदान संध्याकाळी झाडून तरी काढता येतो!

उमरग्याला हायवेलगत आमचं पत्र्याचं शेड आहे. गणपती-नवरात्राच्या मंडळांसाठी आम्ही हलते देखावे बनवतो. मान वळवणारी, दळण दळणारी, घण मारणारी लाकडी माणसं. मालक शिवप्पा मिस्त्री, सेन्सर-लायटिंगचे सलीमभाई आणि मी, मेकॅनिकल डिप्लोमावाली. फटाका तर सोडाच, कुकरच्या शिट्टीलाही दचकणारी.

आणि यंदा मिस्त्रींनी आख्खी एक बाहुली माझ्यावर सोपवली! सुपात ज्वारी पाखडणारी बाई. "तुळजापूरच्या मंडळात लोक हिच्यापुढं थांबले, तर पुढच्या साली सगळा देखावा तुझा. न्हाय थांबले, तर परत वायरी सोलायच्या."

हातातली वायर मी तिथंच खाली ठेवली.

*

इथं कामाला आले त्या पहिल्या दिवशी मी पर्स एका बाहुलीच्या लाकडी दंडाला अडकवली होती. दंड वर गेला, पर्ससकट! मी अशी किंचाळले की शेजारच्या गॅरेजातले दोघं पाना घेऊन धावत आले.

मिस्त्रींनी माझ्याकडं बघितलंच नाही. दंडाकडं बघून खुशीत म्हणाले, "वजन घेतोय की!"

तेव्हापासून नवी बाहुली झाली की मला न सांगता माझ्या टेबलाशेजारी उभी करतात. मी किंचाळले की बाहुली पास! माझ्या बाईपुढं मात्र मी दचकेना. कशी दचकणार? तिच्या आतला एकेक खिळा माझ्या ओळखीचा. सलीमभाईंना विचारलं, तर म्हणाले, "अच्छी है." एवढंच. मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

*

लोहारशाळेचा देखावा बघायला एका मंडळाचे अध्यक्ष आले. दोघं घण मारतायत, एक भाता ओढतोय, एक घाम पुसतोय, एक पाणी पितोय, एक नुसता मान हलवतोय.

"मोटारी किती?" अध्यक्षांनी विचारलं.

"एक. भंगारातल्या ट्रकच्या वायपरची."

अध्यक्ष वाकून थेट स्टेजखाली शिरले. आत एकच लांब दांडा फिरत होता आणि त्यावर सहा वाकड्या चकत्या. चकतीचा उंचवटा आला की हात वर, खोलगट बाजू आली की खाली. कॉलेजात हा चॅप्टर मी पाठ केला होता. पण तो घाम पुसू शकतो, हे कुणी सांगितलं नव्हतं!

दहा मिनिटांनी अध्यक्ष गुडघे झटकत बाहेर आले. "मिस्त्री, आमच्या मंडळात सतरा पदाधिकारी हायत. असला एक दांडा तिकडं बसवून द्या की!"

*

सलीमभाईंचं काम नव्या जमान्याचं. त्यांनी सेन्सरचा पुढारी केला: समोर कुणी आलं की हात जोडणार, हसणार, मान लववणार. टेस्टिंगला शेडच्या दारात उभा केला आणि आम्ही जेवायला बसलो.

परत येऊन बघतो तर समोर एक बकरी! बकरी पाला खातेय, हा हात जोडतोय. बकरी मान वर करतेय, हा लववतोय.

मिस्त्री हसून बेजार. "सलीम, तुझ्या बाहुल्याला माणूस ओळखू येत न्हाय!"

"पुढारी है वो, मिस्त्री," सलीमभाई शांतपणे म्हणाले. "सामने कोण हाय, ते कशाला बघंल?"

*

शाळेच्या देखाव्यात मी मोठी चूक केली. गुरुजींची छडी खाली यायची तेव्हा पोराचा हात पुढं हवा. मी चकती अर्धा फेरा उलटी बसवली. छडी आली की हात गायब, छडी वर गेली की हात हजर!

मंडळवाले बघायला आले आणि माझ्या डोळ्यांत पाणी. त्यांच्यातलेच एक निवृत्त मुख्याध्यापक बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "बदलू नका हो. तीस वर्षं माझ्या वर्गात असंच झालंय!"

*

तुळजापूरच्या एका पुजारीकाकांनी आजोबांच्या वेळचा पितळी पिंजरा आणला. आत बोटाएवढा पक्षी. चावी दिली की गायचा म्हणे, आता मुका.

मिस्त्रींनी तळ उघडला आणि तासभर कशालाच हात लावला नाही. आत चिमुकला भाता, काडीएवढी शिट्टी, नखाएवढी चाकं. मग नुसती धूळ काढली, तेलाचा थेंब सोडला, चावी दिली. पक्ष्यानं चोच उघडली, शेपटी हलवली आणि असा गायला की माझ्या हातातला स्क्रू उडाला!

मी जमिनीवर शोधत होते. मिस्त्री पिंजऱ्याला हात जोडून म्हणाले, "हे करणारा आज असता, तर त्याच्या हाताखाली म्या जन्मभर स्क्रू येचले असते."

*

तुळजापूरच्या मंडळात नवरात्राची पहिली संध्याकाळ. लोक लायटिंग बघत होते, पुढाऱ्याला हात जोडत होते आणि माझ्या बाईपुढून तसेच सरकत होते. एकही थांबेना. मिस्त्री बाजूला खुर्ची टाकून बघत होते.

तेवढ्यात खेड्यातल्या एक आजी रांगेतून दोरीखालून वाकून थेट स्टेजवर!

"अगं ए, असं पाखडत्यात व्हय? कोंडा तसाच, अन् ज्वारी खाली! कुणाची सून गं तू? खांदा कशाला हलवतीस? मनगट, मनगट!"

आणि त्यांनी तिच्या हातातलं सूप काढूनच घेतलं. बाईचे रिकामे हात तसेच हलत राहिले. आजींनी एकदा, दोनदा, तीनदा पाखडून दाखवलं. मागं रांग तुंबली. कार्यकर्ता शिट्टी फुंकत धावला, "आजी, खाली या!"

मिस्त्रींनी त्याला हातानं अडवलं. "थांब रं. शिकवणी चालू हाय."

आजींनी सूप परत बाईच्या हातात दिलं आणि तिच्यापुढं मांडी घालून बसल्या.

"हं. आता तू कर."