सारजाच्या डालग्यातली पिल्लं

आपल्याला दिसेनासं झालंय हे महिपती आबांनी कुणाला सांगितलं नाही, आणि पुढचं सगळं रामायण तिथूनच घडलं.

भिगवणच्या अलीकडं, धरणाच्या पाण्याकाठी त्यांची वस्ती. तिथं एक जुनी रीत आहे. ज्या घरी कोंबडी आहे पण राखायला सवड नाही, ते घर ती शेजारणीला अर्धलीनं देतं. शेजारणीनं अंडी उबवून घ्यायची, पिल्लं घारी-मुंगसांपासून राखायची आणि जरा मोठी झाली की दोघींनी निम्मी-निम्मी वाटून घ्यायची. भांडण जुंपतं ते इथं. कोंबडा म्हणजे एका दिवसाचं कालवण. आणि तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोवळी कोंबडी, तिच्यावर पुढचं सगळं खुराडं उभं राहतं. कोवळ्या पिल्लात नर कुठला नि मादी कुठली हे सांगायचा मान आबांचा. तुऱ्याची लाली बघायची, पायाची जाडी, शेपटीची पिसं, की झटक्यात निकाल. उभ्या जन्मात आपण चुकलो नाही, हे ते स्वतःच चारचौघांत सांगत.

यंदा कोंबडी त्यांच्याच सुनेची होती, संजीवनीची. राखली होती सारजानं. सारजाचं खुराडं उन्हाळ्यात मानमोडीच्या रोगानं साफ झालं होतं, तेव्हापासून तिच्या दारात पीससुद्धा पडलं नव्हतं. बिचारीनं ती सहा पिल्लं पोटच्या पोरांसारखी सांभाळली.

"आबा, दोन तलंगा तेवढ्या येऊ द्या माझ्या वाट्याला," वाटणीच्या दिवशी ती म्हणाली. "पुन्यांदा दार भरंल माझं."

आबांनी पिल्लू उचललं. तुरा दिसेना. मोतीबिंदूनं लाल काय नि पिवळं काय, सगळं सारखंच झालं होतं. भोवती बायाबापड्या टक लावून उभ्या. दिसत नाही म्हणायची हीच वेळ होती, पण जीभ उचलली नाही. त्यांनी पाय चाचपले, पिसं चाचपली आणि दोन डालग्यांत तीन-तीन पिल्लं सोडली.

"दोन तलंगा, एक कोंबडा. दोन्हीकडं सारखंच हाय."

सारजानं त्यांच्या पायाला हात लावला आणि डालगं डोक्यावर घेऊन हसत घरी गेली.

काही आठवड्यांनी तिच्या दारात एक कोंबडा आरवला. तो हिशोबातलाच होता. मग दुसरा आरवला. तिसरा आरवला त्या दिवशी ती आबांच्या ओट्यापाशी येऊन उभी राहिली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तिन्ही कोंबडं निघालं, आबा. तुमच्या घरात तिन्ही तलंगा."

"चुकलो गं सारजा. मला दिसत न्हाय आता."

"साऱ्या वस्तीचं दिसलं, आन् माझ्याच वाट्याला डोळं गेलं व्हय?"

चूक आपल्या हातून होतच नाही, हे त्यांनीच जन्मभर सगळ्यांना पटवलं होतं.

संजीवनीची तऱ्हा त्याहून अवघड. एरवी चहासुद्धा आदळून ठेवणारी सून त्या दिवसापासून गोड बोलायला लागली. पहिलं अंडं पडलं ते उकडून तिनं आबांच्या ताटात ठेवलं.

"पोरी, मी मुद्दाम न्हाय केलं."

"असू द्या की आबा. आपल्या घरासाठी केलं, त्यात लाज कसली?"

"एक तलंग तरी दे तिला."

"वाटा झाला म्हंजी झाला. आता दिली तर लबाडी कबूल केल्यागत व्हतंय."

आबांनी ते अंडं तसंच ताटाच्या कडेला सारलं.

दुसऱ्या दिवशी घरात कुणाची चाहूल नाही तेव्हा आबा एक तलंग धरायला अंगणात उतरले. कलकलाट ऐकू येई, पण कोंबडी दिसेना. इकडं हात घातला की ती तिकडं. शेवटी पाय डालग्यात अडकला आणि आबा तोंडावर आपटले. कुंपणापलीकडं सारजा झाडत होती. तिचा खराटा थांबला. एरवी धावत आली असती. आबा धूळ झटकत कसेबसे उठले, तेव्हा खराट्याचा आवाज पुन्हा सुरू झाला.

पहाटे सारजाच्या दारात कोंबडा आरवला. मग दुसरा, मग तिसरा. आबा अंथरुणात उठून बसले. तिन्ही नरच होते. एवढं ओळखायला आता डोळे लागत नव्हते.