धर्माजी तांडेलांची निरगाठ

धर्माजी तांडेलांना सैल दोर बघवत नाही. आगरदांड्याच्या अलीकडच्या कोळीवाड्यात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. होडीवर सैल दोरात पाय अडकून माणूस पाण्यात गेलेला त्यांनी एकदा डोळ्यांनी पाहिला, आणि तेव्हापासून दोर दिसला की तो घट्ट गुंडाळायचा आणि वर गाठ मारायची. तीही निरगाठ. सुरगाठ म्हणजे त्यांच्या लेखी आळशाचं काम. होडी विकून बरीच वर्षं झाली, पण जित्याची खोड ती, जाते कुठे? बायकोची, केसरबाईंची कपड्यांची दोरीसुद्धा त्यांनी इतकी ताणून बांधलीय की बाई रोज वाळत घालताना दोन शब्द सुनावतात.

मुलगा विनेश परदेशी जहाजावर नोकरीला. बापाला त्याने होडीच चालवायला हवी होती. त्यासाठी धर्माजींनी त्याला फार आवळून धरलं, आणि तो गेला तो भांडूनच गेला. आता सणावारी फोन करतो, तोही आईला. यंदा मात्र सून प्राची लहानग्या साक्षीला घेऊन पनवेलहून राहायला आली. तिचं ऑफिसचं काम कम्प्युटरवर चालायचं. आल्या दिवशीच तिने सांगितलं, "नेट नीट चाललं तर इथेच राहू, बाबा. नाही तर परत जावं लागेल." धर्माजी नुसते "बरं" म्हणाले. पण नात घरात आल्यापासून त्यांना दोन घास जास्त जात होते. ती गेली तर घर खायला उठेल, हे त्यांना पक्कं कळत होतं.

मुरुडच्या सुजितने येऊन नेटची वायर जोडून दिली. उरलेल्या वायरचं ऐसपैस भेंडोळं त्याने ओसरीच्या खिळ्याला लटकवलं. ते लोंबतं भेंडोळं धर्माजींच्या डोळ्यांत सलायला लागलं. चार दिवस त्यांनी कळ काढली. पाचव्या दिवशी संध्याकाळी त्यांनी त्याची मुठीएवढी गुंडाळी केली, जाळ्याच्या सुताने करकचून बांधली आणि समाधानाने जेवायला बसले.

सकाळी प्राचीचा कम्प्युटर काही केल्या नेटला लागेना. तिने तो बंद करून चालू केला. भिंतीवरचा नेटचा डबा बंद करून चालू केला. मधली वायर काढून पुसून परत खोचली. कम्प्युटरचं डब्याशी जुळत होतं, पण डब्याच्या पुढे काही जात नव्हतं, आणि डब्यावर लाल दिवा लुकलुकत होता. मोबाइलची रेंज बोलण्यापुरती, कामाला पुरायची नाही. सुजितला फोन लावला तर तो म्हणाला, उद्याच येता येईल.

प्राचीने बॅग काढली. "दुपारच्या गाडीने निघते, बाबा. आज संध्याकाळची मीटिंग चुकवून चालणार नाही."

केसरबाई साक्षीचे कपडे गोळा करू लागल्या. धर्माजी दारात उभे राहिले. समोर संकट दिसत होतं आणि हाताला काम नव्हतं, असं त्यांचं समुद्रावरही कधी झालं नव्हतं.

"त्याला इचार ना परत," ते म्हणाले, "आपल्याला काय बघता येल का?"

प्राचीने पुन्हा फोन लावला आणि आवाज मोठा केला. सुजित म्हणाला, "ताई, लाल दिवा म्हणजे बाहेरची वायर. कुठे चेपलीय का, वाकलीय का, ते बघा."

प्राची वायर बघत बघत ओसरीवर आली आणि खिळ्यापाशी थांबली. धर्माजींनी साक्षीला बांधून दिलेल्या झोपाळ्याला होती तीच गाठ इथेही होती.

"बाबा, हे तुम्ही बांधलंत?"

"व्हय. लोंबत व्हती."

फोनमधून सुजित हसला. "काका, तिच्यात केसासारखी काच हाय. उजेड जातो तिच्यातून. येवढी आवळल्यावर जाणार कुठून?"

धर्माजींचा चेहरा उतरला. त्यांनी स्टूल ओढलं आणि गाठीला हात घातला. सुरी लावली तर वायर कापली जायची. दातही लावून पाहिले. आयुष्यभर ज्या गाठीचा तोरा मिरवला, तिला आज ते मनातल्या मनात शिव्या घालत होते. केसरबाईंनी गोधडी शिवायचा दाभण आणून दिला. एक नख तुटलं, मग पीळ सुटला.

भेंडोळं मोकळं झालं. आतून साक्षी ओरडली, "हिरवा झाला."

प्राची संध्याकाळी मीटिंगला बसली. बॅग तिने परत माळ्यावर टाकली होती. बाहेर धर्माजींनी वायरचं ताटाएवढं मोठं कडं केलं, वर सुताची सैल गाठ मारली आणि हलक्या हाताने खिळ्याला अडकवलं.

शेजारचा चंदर जेट्टीवरून येत होता. त्याने नीट बघून घेतलं.

"तांडेल, तुमी आन् सुरगाठ?"

"निरगाठीनं ऱ्हात न्हाय ते," धर्माजी म्हणाले. त्यांनी गाठीचं टोक बोटाने आणखी जरा सैल केलं. "इनेशबी न्हाय ऱ्हायला."