ओल्या चुन्याची कमान

वेदमंत्रांत दगड तोलून धरण्याची ताकद असते, असं उत्तरेतल्या आमच्या ब्रह्मा घाटावरच्या घरात सगळे मानत. ती ताकद मी एकदा समोर बसून पाहिली. आज शेजारच्या बांधकामातून ओल्या चुन्याचा वास आला आणि ते आठवलं.

तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं आणि मी नऊ वर्षांची होते. माजघरात नवी कमान नुकतीच बांधून झाली होती. बाबांना तिच्याखालीच वास्तुशांतीला बसायचं होतं, पण कमानीचा टेकू नेमका होमकुंडाच्या जागेवर येत होता.

"पंडितजी, चूना गीला है. चार दिन रुक जाइए," मिस्त्री म्हणाला.

"मुहूरत नहीं रुकता."

"चूना भी पंचांग नहीं पढ़ता, पंडितजी."

बाबांनी टेकू काढायला लावला. मंत्र सुरू झाले आणि आईच्या पदरावर चुन्याची भुकटी पडू लागली. "अहो," ती पुटपुटली. बाबांनी डोळ्यांनीच तिला बसवलं. सोवळ्यात मिस्त्रीला आत येता येत नव्हतं. त्याने कमानीमागे टांगलेल्या पडद्याआडून तोच टेकू कमानीला तिरका लावला, आणि तो फरशीवर सरकू लागला तेव्हा खांद्याने रेटून धरला. पडद्याखाली त्याचे थरथरणारे पाय पाहून मला हसू येत होतं.

पूर्णाहुतीपर्यंत कमान टिकली. ती मंत्रांनी तोलली, असं बाबा जन्मभर सांगत. मिस्त्रीचा उजवा हात पुढे महिनाभर वर उठत नव्हता.