बर्फ सारवणारे शेजारी

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले गृहस्थ तीस वर्षं कॅनडात बर्फ सारवत होते. तिकडं बर्फावर हॉकी खेळतात. खेळ मध्येच थांबला की हे गृहस्थ मशीन फिरवून बर्फ गुळगुळीत करायचे. आमची ही तोंडावर म्हणायची, "भावजी, सारवायला एवढ्या लांब कशाला गेलात? माझ्या माहेरी लोणीला अंगण होतं की!"

ते जिथं काम करायचे ते जुनं स्टेडियम पाडलं तेव्हा तिथल्या दोन जोडलेल्या लाकडी खुर्च्या त्यांनी कर्वेनगरला आणल्या. एकीवर स्वतः बसून, मे महिन्यातसुद्धा स्वेटर घालून, स्टेडियमची गोष्ट सांगायचे. दुसरीला कुणी हात लावला की, "अहो, जपून!" ही मात्र गवारीची शेंग निवडत सरळ जाऊन तिथं बसली. गृहस्थांनी आ केला आणि गोष्ट पुढं चालू केली. मग रोजचंच झालं. मी दारात उभा.

ही गेल्यावर महिनाभर मी तिकडं फिरकलो नाही. त्या खुर्चीत दुसरं कुणी दिसलं असतं तर मला सोसलं नसतं. परवा तेच हाताला धरून घेऊन गेले. तिची खुर्ची रिकामी होती. मला त्यांनी स्वतःच्या खुर्चीवर बसवलं आणि आपण कण्हत फरशीवर बसले.

मग स्वेटर चढवला. "बरं का, वहिनींची निम्मी गोष्ट ऐकून झालीय. पण तुम्हाला पहिल्यापासून सांगतो."

एरवी मी उठून गेलो असतो. परवा दिवे लागेपर्यंत बसलो.