यादीतला दुसरा नंबर

"मॅडम, सकाळी मेल येते, दुपारी येत नाही. तुमच्या मशीनला पण जेवायची सुट्टी असते काय?"

अंधेरीच्या एमआयडीसीत पंपांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना होता. त्याचे मालक फोनवर मला झापत होते. चारच दिवसांपूर्वी मी त्यांच्या युनिक्स सर्व्हरला मोडेम जोडून इंटरनेट सुरू करून दिलं होतं. त्या काळी इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून यायचं. आपला मोडेम प्रोव्हायडरला, म्हणजे इंटरनेट देणाऱ्या कंपनीला, फोन लावायचा, पलीकडचा मोडेम शिट्टी मारायचा, दोघांचं जमलं की कनेक्शन. युनिक्सवर त्यासाठी चॅट स्क्रिप्ट लिहावी लागे. पहिल्यांदा बँकेत जाणाऱ्याला आपण चिठ्ठी लिहून देतो ना, तसंच. हा नंबर फिरव, एंगेज असेल तर दुसरा फिरव, लॉगिन विचारलं की हे नाव सांग.

ही स्क्रिप्ट मी नव्याने लिहिली नव्हती. मुलुंडच्या एका क्लायंटकडे वर्षभरापूर्वी बसवलेली फाइल उचलली, लॉगिन बदललं, नंबर तेच ठेवले, झालं काम. आमच्यात सगळेच असं करतात. चालतंय ना, मग हात कशाला लावा.

दोन दिवसांपूर्वी हीच तक्रार आली तेव्हा मी मशीनच्या नोंदींचा लॉग पाहिला होता. दुपारी पहिला नंबर सतत एंगेज. मग दुसरा फिरवला जायचा आणि पुढे 'नो कॅरिअर', म्हणजे पलीकडून शिट्टी आलीच नाही. मी टेलिफोनच्या लाइनवर खापर फोडलं आणि रीट्राय, म्हणजे पुन्हा फिरवायचे प्रयत्न, तीनाचे दहा केले. आता मात्र जाणं भाग होतं.

गेल्यावर आधी मोडेमचा स्पीकर चालू केला. तो मीच बंद केला होता. "ते किंचाळणं बंद करा, समोर पार्टी बसलेली असते," असं मालकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

पहिला नंबर एंगेज. दुसरा लागला. स्पीकरमधून एका म्हातारीचा आवाज आला.

"हॅलो? रे सुधीर, तूच मा? आजव माका आवाज येना नाय. पण तुका ऐकाक येता तर ऐक. बाबांचा ऑपरेशन सोमवारी आसा. सुट्टी घेवन ये. समजला मा?"

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. "ही कोण?"

शिट्टीची वाट बघत मोडेम पन्नास सेकंद फोन धरून ठेवतो. तेवढा वेळ ती बोलत होती. मग लाइन तुटली आणि स्क्रिप्टने पुन्हा तोच नंबर फिरवायला घेतला. मी वायरच उपटली.

प्रोव्हायडरला विचारलं. "तो नंबर? तो आम्ही केव्हाच सोडला, मॅडम. कुणाच्या तरी घरी दिला असेल."

"काढून टाका आणि मोकळ्या व्हा," मालक म्हणाले. "तिला कशाला सांगायचं? उगाच पोलीस-बिलीस."

खरं सांगते, मलाही तेच सोयीचं वाटलं. पण तो शुक्रवार होता. मुलाला निरोप पोचला अशी समजूत करून ती सोमवारपर्यंत बसून राहिली असती. मी मालकांच्याच टेबलावरून नंबर फिरवला.

"काकी, गेले चार दिवस जो फोन येतोय तो तुमच्या मुलाचा नाही. आमच्या मशीनचा आहे. चूक माझी आहे."



"म्हणजे तेका कायच कळूक नाय?"

"नाही, काकी."

"तो बोटीवर आसा गो, थयसून फोन असोच मुको येता. कंपनीच्या हापिसात सांगूक व्हया होता. मी म्हटलंय, माझा सांगून झाला."

"मी करते त्यांना फोन. नंबर द्या."

"नको. नंबर आसा माझ्याकडे. तू आधी फोन ठेव, लाइन मोकळी कर."

मी ठेवला. आणि क्लायंटसमोर मला रडू आलं. नोकरीत पहिल्यांदाच. मालकांनी चहा मागवला.

मग प्रोव्हायडरकडून चालू असलेला नंबर घेतला, आधी हाताने फिरवून शिट्टी ऐकली आणि फाइलमध्ये टाकला. त्या दुपारपासून मेल बिनबोभाट यायला लागली.

मंगळवारी राहवेना म्हणून मी तिला पुन्हा फोन केला. उचलल्यावर तिने हॅलोही म्हटलं नाही.

"माणूस काय मशीन?"

"माणूस. शुक्रवारचीच."

"काल झाला ऑपरेशन. बरे आसत."

"आणि सुधीर?"

"तो गुरुवारी येतलो. बोट सोडूक तेका वेळ लागलो."

चार दिवस आधी कळलं असतं तर तो सोमवारी इथे असता. हिशोब तिनेही केलाच असणार. मला मात्र ती एका शब्दानेही बोलली नाही. "बरा केलंस सांगितलंस तां," म्हणाली आणि फोन ठेवला.

दुसऱ्याची चालती फाइल मी अजूनही उचलते, नाही म्हणत नाही. फक्त तिच्यातला प्रत्येक नंबर आधी स्वतः फिरवते, आणि पलीकडून कोण बोलतंय ते ऐकते.