साहेबांची ५९०८

माधवनगरच्या कापडगिरणीत मी टायपिस्ट म्हणून लागले, तेव्हा तिथे टेलेक्स येऊन जेमतेम महिना झाला होता. सत्तरीचं दशक नुकतंच लागलं होतं. टेबलाएवढं ते यंत्र तारेने मुंबईच्या ऑफिसातल्या तसल्याच यंत्राला जोडलेलं. इथे मी टाइप केलं की तिथल्या कागदावर उमटायचं. तिकडून कुणी केलं की आमचं यंत्र आपोआप खडखडू लागायचं. अक्षरं इंग्रजी, मजकूर मराठी. कारण आमच्या मॅनेजरांचं इंग्रजी ‘युवर्स फेथफुली’च्या पुढे सरकत नसे.

मॅनेजर भला माणूस, पण यंत्रावर भारी श्रद्धा. टेलेक्सच्या खोलीत येताना कोटाचं वरचं बटणसुद्धा लावायचे. मुंबईला दिसत नाही, हे मी त्यांना एकदा सांगून पाहिलं होतं.

त्या जानेवारीत गिरणीचे मोठे साहेब महाबळेश्वरहून परतताना मुद्दाम वाट वाकडी करून आमच्याकडे तासभर थांबून मुंबईला गेले. दोन दिवसांनी दुपारी यंत्र खडखडलं. कागदावर एवढंच होतं : ‘साहेबांची ५९०८ तिथे राहिली. लगेच पाठवा.’

“गाठ!” मॅनेजर म्हणाले. “कापडाची गाठ. तिच्यावर नंबर असतो ना.”

“पण साहेब, यात गाठ असा शब्दच नाही.”

“टेलेक्सवर शब्द वाचवतात, बाई. आणि ‘राहिली’ म्हटलंय. गाठच राहणार. ठाण असतं तर राहिलं असतं.”

व्याकरणापुढे माझं काही चालेना. तरी विचारून घेऊ का म्हटलं, आणि मुंबई जोडली. तिकडे जेवणाची सुट्टी असावी, कुणी उत्तर देईना. टेलेक्सला एक कळ असायची, ‘तू कोण?’ विचारणारी. ती दाबली की पलीकडचं यंत्र माणसाशिवायच आपलं नाव टाइप करून पाठवायचं. मी ती दाबली. नाव आलं.

“आलं ना उत्तर?”

“साहेब, ते यंत्राने नुसतं स्वतःचं नाव सांगितलंय.”

“मग? नाव सांगून जबाबदारी घेतली की!”

गोदामात शोधाशोध सुरू झाली. फाटकावरचे पहारेकरी साताऱ्याकडचे, फौजेतून निवृत्त झालेले हवालदार. नजर तेज म्हणून त्यांनाही बोलावलं. थंडीमुळे कानटोपी घातलेले हवालदार हातात बॅटरी घेऊन गाठींवर चढले आणि अर्ध्या दिवसाने सगळ्यांत खालच्या थरातली ५९०८ त्यांनाच सापडली. जाडंभरडं मांजरपाट. ‘साहेबांची’ म्हटलंय म्हणून मॅनेजरांनी ती ट्रकने थेट साहेबांच्या बंगल्यावर रवाना केली.

चार दिवसांनी मुंबईहून संदेश आला : ‘बंगल्यावर गाठ कशाला? साहेबांची टोपी कुठे?’

मी तो आकडा यंत्राच्या एकेका कळीवर शोधला. पाच आणि टी एका कळीवर. नऊ आणि ओ. शून्य आणि पी. आठ आणि आय. मुंबईच्या टेलेक्सवर बसणाऱ्या बाईंकडून आकड्यांची कळ चुकून दाबली गेली होती, आणि त्या एका शब्दापुरते अक्षरांऐवजी आकडे उमटले होते. मी मॅनेजरांना एकेका कळीवर बोट ठेवून दाखवलं. ते खुर्चीत बसले. कोटाचं बटण त्यांनी सोडलं.

आता माझ्यावर खापर फुटणार, असं वाटलं. पण ते हळूच म्हणाले, “विचारू का, म्हणाला होतात तुम्ही.”

मग टोपीचा शोध. आम्ही दोघं फाटकाशी गेलो, तर हवालदार उठून उभे राहिले. डोक्यावर उंची लोकरीची, राखाडी कानटोपी.

“हवालदार, ही कुठली?”

“ही व्हय? साहेबांच्या मोटारीतनं पडली. मागं पळालो, पर मोटार गेली. थंडी लय हुती, घातली.”

“अहो, मग सांगायचं नाही का?”

“तुमी गाठ हुडकत हुता, साहेब. टोपी कुनी इचारली? म्या बी तुमच्यासंगं गाठच हुडकली की.”

मॅनेजर आधी लाल झाले, मग हसत सुटले. त्यांना तसं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

टोपी धुऊन पार्सलने गेली, सोबत मॅनेजरांचं तीन पानी माफीपत्र. साहेबांनी दोन ओळींचं उत्तर धाडलं आणि हवालदारांसाठी एक नवी कोरी कानटोपी. हवालदारांनी ती बोटांनी चाचपली, पण घातली नाही. त्यांचा मुलगा फौजेत लडाखला होता. त्याला पाठवून दिली.

महिन्याभराने त्याचं कार्ड आलं. मीच वाचून दाखवलं : टोपी बरोबर बसली, पण शेजारच्या खाटेवरचा जवान रोज मागतो.

हवालदार टेलेक्सकडे बघत म्हणाले, “ताई, साहेबास्नी इचारता का, आनि एक हाय का म्हून?”

ते विचारण्याची माझी छाती झाली नाही. मी सांगलीच्या बाजारातून लोकर आणली आणि स्वतःच विणायला घेतली. विणकाम मला येत नव्हतं. तीनदा उसवून टोपी पुरी झाली, तेव्हा एप्रिल संपत आला होता. हवालदारांनी ती उलटसुलट करून पाहिली, “एक कान मोटा झालाय,” म्हणाले, आणि माझ्याकडून लडाखचा पत्ता लिहून घ्यायला समोर बसले.